शहाबादी फरशी आणि स्टीलचं गेट

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणारे गृहस्थ ३१ वर्षांचे आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाढले, इंजिनिअर झाले, आठ वर्षं पुण्यात नोकरी करतात. वडील साखर कारखान्याच्या शेती खात्यात स्लिपबॉय म्हणून लागले आणि तीन वर्षांपूर्वी कारकून म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी गावात बंगला बांधला. बाहेरून गुलाबी-जांभळा रंग, चकचकीत स्टीलचं गेट, सोनेरी अक्षरांत ‘मातृ-पितृ छाया’. आत पीओपीच्या छतात रंग बदलणारे दिवे, मरून सोफ्यावर प्लॅस्टिकचं आवरण आणि भरलेली शोकेस.

आता त्यांचं लग्न ठरलं आहे. मुलगी पुण्याची, तिचे आईवडील दोघंही प्राध्यापक. त्यांच्या घरी अजून शहाबादी फरशी आहे, वेताच्या खुर्च्या आहेत, भिंतभर पुस्तकं आहेत. मुलीची आई खणाचं ब्लाउज घालून इरकल नेसते. ‘बघताक्षणी क्लास कळतो,’ असं पत्रात लिहिलं आहे. ही मंडळी पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच गावी येणार आहेत.

वडिलांना दीड हजार माणसांचं लग्न हवं आहे. एसटी स्टँडसमोर फ्लेक्स, ड्रोन, डीजे, माइकवरून नाव पुकारून पाहुण्यांचे सत्कार. मुलीला शंभर माणसांत नोंदणी विवाह हवा आहे. आईनं पाहुण्यांसमोर दहा-बारा तोळे अंगावर घालून बसू नये असंही यांना वाटतं. पण ‘माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी तिनं तोडे गहाण ठेवले होते, म्हणून तिला काही बोलता येत नाही.’ होणारी बायको दोनदा घरी येऊन गेली आहे. ‘ती काही बोलत नाही, पण तिला काय वाटत असेल ते मला कळतं.’

शेवटी प्रश्न असा: ‘आईवडिलांना न दुखावता त्यांची आवड कशी सुधारू?’

उत्तर:

तुम्हाला घराची लाज वाटते आणि ती वाटते म्हणून स्वतःचा रागही येतो, हे पत्राच्या ओळीओळीत आहे. ही लाज मी आजवर पुष्कळांकडून ऐकली आहे. वसतिगृहात पहिल्यांदा डबा उघडताना वाटलेली, टोपी घातलेले वडील कॉलेजच्या फाटकापाशी येऊन उभे राहिल्यावर वाटलेली. आईबाप ज्या जगात कधी गेले नाहीत तिथे मूल एकटं गेलं की ते तिथल्या नजरेनं मागे वळून पाहू लागतं. त्यामुळे तुम्ही कृतघ्न आहात असं मला एकदाही वाटलं नाही.

मी अडखळले ती तुमच्या शेवटच्या शब्दाशी. ‘सुधारू.’ गणित चुकलं असेल तर ते सुधारता येतं, कारण बरोबर उत्तर ठरलेलं असतं. घराच्या बाबतीत ते उत्तर तुम्ही पुण्याच्या त्या घरात पाहिलंत आणि तेच एकमेव आहे असं धरून चाललात. थोडं मागे जाऊ या.

शहाबादी फरशीपासूनच सुरुवात करते. तो दगड शहाबादचा. शहाबाद आहे कलबुर्गी जिल्ह्यात, म्हणजे तुमच्या सोलापूरला लागूनच. तुमच्या भागात ही फरशी कुठे कुठे असायची हे वडिलांना विचारून बघा. न्हाणीत, गोठ्यात, धुण्याच्या दगडाशेजारी, आणि ज्यांना दुसरं काही परवडत नव्हतं त्यांच्या स्वयंपाकघरात. पावसाळ्यात तिला ओल येते, तेल सांडलं की डाग आत मुरतो, सांध्यांत माती बसते. तुमच्या वडिलांनी हॉलमध्ये आरशासारख्या टाइल्स घातल्या तेव्हा ते या फरशीपासून दूर जात होते. पुण्यातल्या घरी तीच फरशी सुंदर दिसते आणि ती सुंदर आहेच. पण त्या घराला ती ठेवणं किंवा काढणं असे दोन्ही रस्ते मोकळे होते आणि तिथल्या माणसांनी ती ठेवली. तुमच्या आजीला तो पर्याय कधी मिळालाच नव्हता. दगड एकच, पण तो पत्करावा लागणं वेगळं आणि राखता येणं वेगळं.

आमच्या घरची गोष्ट सांगते. मी लहान असताना स्वयंपाकघरात सगळी तांब्या-पितळेची भांडी होती. कल्हईवाला आला की अर्धा दिवस त्यात जायचा. चिंच आणि राख लावून घासताना आईच्या बोटांना चिरा पडायच्या. मग गावात स्टील आलं. आईनं आजीचं घंगाळ, दोन हंडे आणि एक मोठी परात मोडीत घातली आणि त्या पैशांत स्टीलचे डबे घेतले, प्रत्येकावर नाव घालून. ते डबे फळीवर उतरत्या क्रमानं लावले तेव्हा गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला आल्या होत्या. त्या दिवसाइतकी खूश आई मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी माझ्या भाचीनं अगदी तसंच घंगाळ जुन्या बाजारातून चांगले पैसे मोजून आणलं, त्यात पाणी भरून फुलं सोडली आणि दारात ठेवलं. छान दिसत होतं. आईनं जवळ जाऊन कडेवरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, ‘घासतं कोण?’

तिचा तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात राहिला आहे. एखादी वस्तू साधी आणि देखणी वाटू लागते तेव्हा ती बहुधा कुणाच्या तरी अंगमेहनतीतून सुटलेली असते. भाकरीचंही तेच झालं. तुमच्या जिल्ह्यात ज्वारी हे रोजचं अन्न होतं आणि गव्हाची पोळी सणाची. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, घेण्यासाठी रांगेत उभी राहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्या पिढीतल्या बाईला पाहुण्यांच्या ताटात भाकरी वाढायला अवघड वाटतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आणि शहरात ज्वारीचा मान एकदम वाढला, पण तुमच्या आईच्या मनातला हिशेब त्यानं बदलणार नाही. तो हिशेब खोटाही नाही.

आता गेटकडे येऊ. तुम्ही लिहिता, ‘एवढं चकाकणारं गेट कशाला?’ मी तुम्हाला विचारते, ते कुणासाठी चकाकतं?

स्लिपबॉयचं काम तुम्ही जवळून पाहिलं असणार, पण वाचकांसाठी सांगते. उसाच्या लागणीची नोंद घ्यायची, फडाफडांतून हिंडायचं, तोड आली की चिठ्ठी पोचवायची. गळीत हंगामात ऊस वेळेवर तुटावा म्हणून सगळ्यांना याच माणसाची गरज असते, आणि तोड लांबली तर शिव्याही यालाच. वर साहेब, समोर बागायतदार, आणि हा मधे सायकलवर, पुढे मोटारसायकलवर. कित्येक वर्षं तुमचे वडील दुसऱ्यांच्या बांधावर उभे राहिले. त्यांच्या दारात कोण येऊन बसलं, कुणी चहा ओसरीत दिला आणि कुणी आत बोलावून दिला, हे सगळं त्यांना नावानिशी आठवत असेल. ते गेट त्या माणसांसाठी आहे. रस्त्यानं जाणाऱ्यांनी बघावं आणि म्हणावं, की यानं केलं. तुमचे पुण्याचे मित्र आणि होणारे सासू-सासरे हे त्या गेटचे प्रेक्षक कधी नव्हतेच. दुसऱ्यासाठी लिहिलेली चिठ्ठी तुम्ही उघडलीत आणि तिच्यातल्या भाषेची तुम्हाला लाज वाटली, असं काहीसं झालं आहे.

तुमच्या सासरच्या घरालाही प्रेक्षक आहेत, हे तितकंच खरं. भिंतभर पुस्तकं, मातीचे कप, हातमागाचे पडदे हे सगळं येणाऱ्याला काही सांगत असतं. त्यांचा साधेपणा दिखाऊ आहे असं मी अजिबात म्हणत नाही. वर्षानुवर्षं जपलेल्या त्या सवयी असतील आणि मला स्वतःला तसंच घर आवडतं. पण तुम्ही ‘बघताक्षणी क्लास कळतो’ असं लिहिलंत, म्हणजे बघणाऱ्याला कळण्याची सोय तिथेही आहेच. ज्याची ओळख पदवीनं, आडनावानं, दोन पिढ्यांच्या नोकऱ्यांनी आधीच करून दिलेली आहे, त्याला गळ्यात काही नसलं तरी चालतं. बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या ऑफिसात त्याला खुर्ची मिळते. ज्याला मिळत नाही तो ती मिळवण्यासाठी काहीतरी अंगावर घालतो.

याला आपल्याकडे मोठा आणि कडू इतिहास आहे. इंदूर भागातल्या काही गावांत १९२८ च्या सुमारास सवर्णांनी अस्पृश्य मानलेल्या बलाई समाजावर नियम लादले होते. जरीच्या काठाची पगडी बांधायची नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे लिहून ठेवलं आहे. त्याच सुमारास, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितलं होतं, की ज्या नेसण्यावरून आणि ज्या जाडजूड दागिन्यांवरून तुमची जात लांबून ओळखू येते ते सोडा, नीट लुगडं नेसा, स्वच्छ राहा. कुणी काय घालावं हे इथे कधीच फक्त आवडीवर सोडलेलं नव्हतं. तुम्ही पत्रात जात लिहिलेली नाही आणि मला ती विचारायचीही नाही. पण ‘गावठी’ आणि ‘भडक’ हे शब्द आपण सहज वापरतो तेव्हा त्यांच्या पोटात हे सगळं असतं, म्हणून ते आईवडिलांच्या बाबतीत तोंडातून काढण्याआधी थांबा असं मी म्हणते. पत्रात तुम्ही ‘गावठी’ चार वेळा लिहिलं आहे.

याचा अर्थ वडिलांचं सगळं मान्य करायचं असा होत नाही. साधेपणाचीही आपली स्वतःची परंपरा आहे आणि ती सुखवस्तू घरांतून आलेली नाही. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षी फुले पतिपत्नींच्या पुढाकारानं पुण्यात भटजीशिवाय, अगदी थोड्या खर्चात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. त्यामागे शेतकऱ्याची कळकळ होती. लग्नासाठी सावकाराच्या दारात गेलेला माणूस परत येत नाही, हे जोतीरावांनी पाहिलं होतं. हा मुद्दा तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो.

तेव्हा पहिलं काम पैशाचं. बंगल्यात किती गेले, शिल्लक किती आहे, कर्ज काढलंय का, हे वडिलांशी सरळ बोला. कारखान्यातून निवृत्त झालेल्या बहुतेकांना ईपीएस-९५ ची, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन असते. २०१४ पासून तिची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे आणि कित्येकांना दोन-तीन हजारांच्या आतच मिळते. म्हणजे फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे जे पैसे हातात आले तेच त्यांचं म्हातारपण आहे. दीड हजार पानं, कार्यालय, मांडव, डीजे, ड्रोन, शाली-फेटे आणि दोन्हीकडचा बस्ता यांचा खर्च कागदावर मांडा आणि त्याखाली हे पैसे कुठून येणार ते लिहा. इथे तुम्ही ठाम राहा. ‘अण्णा, मला हे भडक वाटतं’ हे वाक्य वडिलांना जन्मभर टोचेल. ‘अण्णा, तुमच्या औषधपाण्याचे पैसे मी लग्नात जाऊ देणार नाही’ हे वाक्य ते चार दिवस रागावून का होईना, ऐकतील. आणि ते तुमच्या मनातून आलेलं असलं पाहिजे. पैशाचा मुद्दा आडोसा म्हणून पुढे केलात तर ते लगेच ओळखतील.

दीड हजार माणसांचा आकडा मात्र उगाच आलेला नाही. तुमच्या घरी आहेराची वही असेल, ती एकदा मागून घ्या. तुमच्या जन्माच्या आधीपासून वडील कुणाकुणाच्या लग्नाला गेले, काय दिलं आणि कुणी काय दिलं, ते तिच्यात सापडेल. पत्रिकेवर ‘आहेर स्वीकारले जाणार नाहीत’ असं छापणं पुण्यात सभ्यपणाचं मानतात. तुमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा लागू शकतो: यांना आता आमच्याशी देणंघेणं ठेवायचं नाही. माइकवरून नाव पुकारून घातलेल्या फेट्याचंही असंच आहे. ज्याचं नाव पुकारलं जातं तो कुणी आमदारच असतो असं नाही. कधी तो वडिलांबरोबर फडात हिंडलेला, आता गुडघ्यांनी अधू झालेला माणूस असतो आणि आयुष्यात त्याचं नाव माइकवरून तेवढ्या एकाच दिवशी ऐकू येतं. ती यादी वडिलांबरोबर बसून करा. पुढाऱ्यांची नावं कमी करायला ते कदाचित तुमच्याआधी तयार होतील.

आता तुमच्या होणाऱ्या बायकोबद्दल. पत्रातली तिची नोंद मी दोन भागांत वाचली. नोंदणी विवाह आणि शंभर माणसं हे तिनं सांगितलं आहे. घराबद्दल, सोफ्याबद्दल, आईच्या दागिन्यांबद्दल तिनं एक शब्दही काढलेला नाही. तिच्या गप्प राहण्यात तुम्ही स्वतःचे शब्द भरले आहेत. दोनदा येऊन गेलेल्या मुलीनं त्या घरात काय पाहिलं, हे तिलाच का विचारत नाही? कदाचित दिवे तिलाही बटबटीत वाटले असतील. कदाचित तिला फक्त एवढंच आठवत असेल, की तुमच्या आईनं तिला जेवताना तीनदा तूप वाढलं. आणि कदाचित त्या घरात तुम्ही अवघडून बसलेले तिला दिसले असतील, आणि तिला त्याचंच वाईट वाटलं असेल. उत्तर काय येईल ते मला ठाऊक नाही. पण ते न विचारता तुम्ही तिच्या नावावर आईवडिलांना बदलायला निघालात तर पुढे घरात तिचीच बदनामी होईल: ‘सून यायच्या आधीपासून हे सुरू झालं.’

तिच्या आईवडिलांच्या बाबतीतही तुम्ही एकच बाजू पाहता आहात. सगळी तयारी तुमच्या घरानं करायची, त्यांनी फक्त यायचं. मला वाटतं, सांगण्यासारखं तिकडेही बरंच आहे. समजा, मुलीची आई नेहमीसारखी इरकल आणि खणाचं ब्लाउज घालून आली. तुमच्या आजी रोज काय नेसायच्या? बहुतेक इरकलच. खण म्हणजे तुमच्याकडे ओटीत घालायचं कापड आणि म्हाताऱ्या बायकांची चोळी. तुमच्या आईनं ती चोळी मागे टाकली, कष्टानं जरीची साडी घेतली, आणि आता समोर बसलेली शिकलेली विहीण आजीच्या कपड्यांत आलेली. तिच्या मनात येणार, की आमच्याकडे यायचं म्हणून हिनं चांगलं काही नेसलंही नाही. आपल्याकडे बाई ठेवणीतली साडी काढते, दागिने घालते, ती समोरच्याचा मान राखते म्हणून. तुम्हाला आईची ठेवणीतली साडी बडेजावाची वाटते आणि तिला विहिणीचा साधेपणा अपमानाचा वाटू शकतो. हे तुमच्या होणाऱ्या बायकोला सांगा आणि तिनं आपल्या आईला सांगावं. त्यांनी पैठणी नेसूनच यावं असं नाही. पण आल्यावर ‘ही इरकल मी मुद्दाम नेसले, मला फार आवडते’ एवढं एक वाक्य बोलल्या तर दोघी बायकांचं बोलणं साड्यांवर सुरू होईल, आणि तुमच्या आईला इरकलीबद्दल त्यांच्यापेक्षा जास्त माहिती असेल.

लग्नाचं म्हणाल तर मला एक रस्ता जास्त पटतो. नोंदणी विवाह पुण्यात करा, मुलीला हवा तसा, शंभर माणसांत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली करणार असाल तर वेळेचा हिशेब आत्ताच धरा. तुमच्यापैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न करावं लागतं. साक्षीदार तीन. त्यातली एक सही तुमच्या वडिलांच्या बाजूच्या माणसाची असू द्या. मग आठ-पंधरा दिवसांनी गावी वडिलांच्या पद्धतीनं जेवण घाला, त्यांना परवडेल तेवढ्या माणसांचं. त्याला स्वागत समारंभ म्हणा किंवा आणखी काही, पण त्या दिवसाचे यजमान ते असू देत.

असे दोन समारंभ केलेली कुटुंबं मी पाहिली आहेत आणि त्यात एक चूक हमखास होते. पुण्याचा समारंभ ‘आपला’ आणि गावचा ‘त्यांच्यासाठी उरकायचा’. मित्रांना फक्त पुण्याचं आमंत्रण, फोटो फक्त पुण्याचे टाकायचे, गावी नवरा-नवरी कंटाळलेल्या चेहऱ्यानं उभे. आईवडिलांना हे कळतं, ते बोलत नाहीत. तुम्ही असं करणार असाल तर गावचा समारंभ न केलेला बरा. करायचा असेल तर ऑफिसातल्या मित्रांना गावी बोलवा, त्यांना वडिलांच्या हातून फेटा बांधून घेऊ द्या, तिथले फोटो तुमच्या नावानं टाका.

मुलीच्या बाजूनं काही गोष्टी आधी ठरवून घ्या, कारण त्या दिवशी स्टेजवर तिला उभं राहायचं आहे. किती तास उभी राहील, कोणती साडी नेसेल, किती दागिने घालेल, हे ती ठरवेल. तुमच्या आईनं काय घालावं हे तिनं ठरवायचं नाही, आणि उलटही नाही. डीजे हवाच असेल तर रात्री दहाला बंद, तो कायदाच आहे. पण मी वडिलांना हलगीवाल्यांबद्दल विचारून पाहिलं असतं, त्यांनाही ती मनापासून आवडत असेल. फ्लेक्सला नगरपरिषदेची परवानगी घ्या आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतः उतरवा. त्यावर तुमचे फोटो असणार, तेव्हा कोणता फोटो लावायचा हे सांगायचा हक्क तुम्हा दोघांना आहे. फ्लेक्स नकोच असेल तर तसं मोकळेपणानं म्हणा, ‘मला स्वतःला चौकात लटकलेलं बघायला अवघड वाटतं.’ ही तुमची भावना झाली, वडिलांच्या आवडीवरचा शेरा नाही झाला. त्यातून वाट निघते.

तुमच्यासारखी पत्रं मला मुलींकडूनही येतात. त्यांच्या बाबतीत हे जास्त कठीण होतं, कारण त्यांना सासरच्या घराची पद्धत उचलून माहेरची विसरायला सांगितलेलं असतं. त्यांनाही माझं सांगणं हेच, की ‘मला हे आवडत नाही’ आणि ‘हे वाईट आहे’ ही दोन वाक्यं वेगळी ठेवा. तुमच्या स्वतःच्या घरात हवा तो रंग लावा. पुण्यात तुमचं घर होईल तेव्हा शहाबादी घाला, आईला आवडली नाही तरी घाला. तिथे ती तुमची आवड असेल आणि तीही तुम्ही मिळवलेली असेल.

पुढच्या महिन्यातल्या भेटीसाठी सोफ्याचं प्लॅस्टिक काढू नका, शोकेस रिकामी करू नका, दिव्यांची वायर तोडू नका. पाहुणे आले की तुम्ही मधे बोलू नका. वडिलांना घर दाखवू दे. गेटपासून सुरुवात करू दे, कुठला मिस्त्री, किती दिवस लागले, कुणी फसवलं, सगळं सांगू दे. प्राध्यापक मंडळी ऐकायला सरावलेली असतात. आईनं पुरणपोळी आणि बासुंदी केली तर ती दुपारी आनंदानं खाऊ दे. रात्री राहणार असतील तर मुलीच्या आईनंच भाकरी मागावी. तुम्ही सुचवू नका. मागितलेली भाकरी वाढताना तुमच्या आईला कमीपणा वाटणार नाही.

आणि दागिन्यांचं. तुम्ही लिहिलंत, की तुमच्या प्रवेशासाठी तोडे गहाण पडले होते. ते सुटून कधी आले, हे पत्रात नाही. तुम्हाला ठाऊक आहे का? किती वर्षं ते परक्या तिजोरीत होते, त्या काळात आई लोकांच्या लग्नात हातात काय घालून गेली, सोडवायचे पैसे तिनं कसे जमवले? या शनिवारी गावी जात असाल तर पाहुण्यांचा विषय काढायच्या आधी तिच्याजवळ बसून एवढं विचारा. मग त्या दिवशी ती काय घालणार आहे ते तिला ठरवू द्या, आणि तिनं हाक मारली तर तोड्यांचा फासा लावून द्या. तो एका हातानं लावता येत नाही.